चौथे आमचे हे

माझं दुकान डिचोलीच्या बाजाराकडून बसस्टँडला जाताना उजव्या हाताला. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म. पाटीवर 'रूपाली' लिहिलंय, ती मीच. लग्न होऊन बांद्याहून इथं आले त्याला बावीस वर्षं झाली, तरी दोन वाक्यं बोलले की लोक विचारतात, 'तू सिंधुदुर्गातली काय गो?' माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. दिवसभर लोकांचे विसरलेले पासवर्ड शोधायला बसा, मग बघू तुमचं डोकं कितपत थंड राहतं ते.

कमलाक्षीकाकीवर मी जितकी चिडले तितकी कुणावर चिडले नसेन. आणि तिच्यावर जितका जीव जडला तितका माझ्या सख्ख्या मावशीवरही नाही. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात झाल्या.

काकी पिळगावच्या सारमानसची. सकाळच्या बसनं बाजारात येते, फडक्यात गुंडाळलेले अबोलीचे वळेसर घेऊन. बारापर्यंत गजरे संपतात. मग दीडच्या बसपर्यंत माझ्या दुकानात पंख्याखालच्या खुर्चीवर येऊन बसते. त्या खुर्चीला ती कदेल म्हणते, आणि दुसरं कुणी तिथं बसलेलं असलं तर काही न बोलता दारात उभी राहते. शेवटी मीच त्या माणसाला उठवते. सत्तरीला टेकलेली, बारीक अंगाची, पांढऱ्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा. बोलता बोलता मध्येच थांबते आणि कुठंतरी जाऊन येते. गिऱ्हाईक समोर उभं, वळेसर कसा दिला विचारतंय, आणि ही बाई रस्त्यापलीकडच्या माडाच्या झावळीकडे बघत हसतेय. हलवून जागं करावं लागतं. 'काय बघत होतीस?' विचारलं तर म्हणते, 'काय नाय गो, वारो येतासा वाटला.'

माहेर तिचं पेडण्याकडचं, कोरगावचं. एकोणिसाव्या वर्षी सारमानसला दिली ती कृष्णनाथकाकांना. काका बार्जवर सुकाणी. शिरगाव आणि पलीकडच्या खाणींवरची माती ट्रकांनी नदीपर्यंत यायची आणि तिथून या लांबलचक सपाट बोटी ती मांडवीतून वास्कोच्या बंदरात नेऊन ओतायच्या. काका आठवडाभर पाण्यावर आणि एक दिवस घरी. काकीच्या संसाराची चाळीस वर्षं अशी एकेक दिवसाच्या तुकड्यांनी भरलेली. पुढं खाणी बंद झाल्या, बार्जी काठाला बांधून पडल्या, गंजल्या. काका घरी राहायला लागले तेव्हा म्हणे दोघांनाही सुरुवातीला अवघडल्यासारखं व्हायचं. तीन वर्षांपूर्वी ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत.

काकांचा मोबाईल आता काकी वापरते, आपलं सिमकार्ड घालून. तिथूनच सगळं सुरू झालं.

एका सोमवारी ती नेहमीपेक्षा लवकर आली, फडक्यात अजून चारपाच वळेसर शिल्लक असताना. चेहरा असा उजळलेला, की मला वाटलं पेडण्याला दिलेल्या तिच्या मुलीकडे, सुविधाकडे, काहीतरी गोड बातमी आहे.

'बाय, ह्या बघ,' तिनं मोबाईल पुढं केला. 'कंपनीन त्यांका वळाखल्यान!'

कंपनी म्हणजे काकांची बार्जवाली कंपनी. आता तिचं हॉटेलाचं आणि गोदामांचं काम चालतं, पण वास्कोच्या ऑफिसातल्या कुणीतरी कंपनीचा ब्लॉग सुरू केलाय. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची वही म्हणा. कंपनी लिहिते, लोक वाचतात आणि खाली आपलं मत लिहितात. त्यावर एक जुना फोटो आला होता, सुविधानं तो आईला पाठवला होता. सन १९८९. बार्जच्या डेकवर पाच खलाशी एका ओळीत उभे. खाली लिहिलेलं, डावीकडून दुसरे गोकुळदास, आणखी तिघांची नावं, आणि 'चौथे : नाव उपलब्ध नाही. कुणी ओळखत असल्यास कृपया कळवावे. हा फोटो नावांसह आमच्या वास्को ऑफिसच्या भिंतीवर कायमचा लावला जाणार आहे.'

चौथे कृष्णनाथकाका होते. छाती पुढं काढून, डोळे किलकिले करून उभे.

खाली एक प्रतिक्रिया होती. 'चौथे आमचे हे.' बस्स, एवढंच. आणि तिच्याखाली कंपनीचं उत्तर : 'धन्यवाद कृष्णनाथजी! आपला फोटो जुळतोय. चौथे म्हणजे आपण स्वतःच, हे पाहून फार आनंद झाला.'

'मी नाव घेऊकच नाय,' काकी म्हणाली. 'नुसता आमचे हे म्हटलंय. तरी कंपनीन नाव सांगल्यान. इतक्या वर्सांनी! मोठी माणसा बाय ती, इसारली नाय.'

तुम्हाला कळलं असेल काय झालं ते. मला एका क्षणात कळलं आणि मी कपाळावर हात मारला. काकी नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही, कधीच काढलेलं नाही. लग्नात घेतलं असेल तेवढंच. त्यामुळं तिनं बोटानं एकेक अक्षर लावून 'आमचे हे' लिहिलं. पण लिहायच्या आधी त्या पानानं विचारलं होतं, साइन इन करा. म्हणजे तुम्ही कोण ते सांगा, मगच लिहा. खाली बटण होतं इंग्रजीत, 'कृष्णनाथ म्हणून पुढे चला.' काकांचं खातं त्या मोबाईलमध्ये उघडंच राहिलेलं. आठ वर्षांपूर्वी मीच ते याच दुकानात काढून दिलं होतं. काकीला इंग्रजी येत नाही. तिनं बटण दाबलं आणि कृष्णनाथ म्हणून पुढे गेली. वर काकांचं नाव, शेजारी काकांचा गोल फोटो, आणि खाली 'चौथे आमचे हे.'

'काकी!' मी ओरडलेच. 'अगो काय केलंस तू! गेलेल्या माणसाच्या नावानं लिहिलंस! कंपनीला वाटतंय काका स्वतः बोलतायत!'

झेरॉक्सला आलेले दोन मास्तर वळून बघायला लागले. मी त्यांना त्यांचे कागद दिले आणि वाटेला लावलं. मग खुर्ची ओढून काकीला सगळं नीट समजावलं, खातं म्हणजे काय, साइन इन म्हणजे काय. ती ऐकत होती. मला वाटलं घाबरेल, रडेल. ती मोबाईलकडे बघत राहिली.

'म्हणजे थंय ते जिते असत?'

'तिथं तसं दिसतंय खरं.'

पंखा फिरत होता, बाहेर उन्हात एक बस वळत होती. काकीनं पदराच्या टोकानं मोबाईलची काच पुसली.

'मग रवांदे,' ती म्हणाली.

मी भांडले. खोटं आहे, कुणाला कळलं तर लाज जाईल, सुविधा मला जाब विचारेल, जेवढं सुचलं तेवढं सगळं बोलले. आत्ता दोन ओळी लिहून खुलासा करते म्हटलं. काकीनं मोबाईल छातीशी धरला आणि उठून दीडच्या बसला निघून गेली. बस यायला अजून पाऊण तास होता.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा त्या पानावर आणखी एक उत्तर होतं. दुसरे उभे होते ना, गोकुळदास, त्यांचं.

'कृष्णा! लेका आहेस तर तू! बार्जी थांबल्या आणि सगळे पांगले, कुणाचा ठावठिकाणा नाही. मी वास्कोलाच आहे. कान गेले, फोनवर काही ऐकू येत नाही. पण डोळे शाबूत आहेत. इथंच लिही.'

मी वाचून दाखवलं. गोकुळदास हे नाव काकीनं हजार वेळा ऐकलेलं, माणूस कधी पाहिलेला नव्हता. काका घरी आले की गोकुळदासनं काय शिजवलं, गोकुळदास कसा घोरतो, हेच सांगत बसायचे म्हणे. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. 'जबाब दी गो बाय. म्हातारो वाट बघता.'

आणि मी दिला. का दिला ते मला विचारू नका. तापट माणसं आतून फार लेचीपेची असतात.

मग रोज दुपारी तेच. बारा वाजता काकी येणार, कदेलवर बसणार, मी मोबाईल हातात घेणार. ती काकांच्या वतीनं सांगायची, पण कधी 'मी' म्हणायची नाही. 'ते म्हणतत, गुडघो दुखता,' असं सांगायची आणि मी लिहायचे, 'माझा गुडघा दुखतो.' 'ते म्हणतत, आता चाय बिनसाखरेची.' मी लिहायचे. हळूहळू मलाच वाटायला लागलं, की काका आतल्या बाजूला बसलेत आणि ही त्यांचा निरोप घेऊन आलीय. एकदा तर मी विचारूनही बसले, 'त्यांचं जेवण झालं का?' काकी म्हणाली, 'व्हय, झाला,' आणि दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पलीकडून गोकुळदास लिहायचे ते भरभरून. सकाळच्या धुक्यात नदी दिसेनाशी व्हायची, काठ नाही, पाणी नाही, नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात सगळी बार्ज भरतीची वाट बघत गप्प उभी राहायची. पणजीच्या पुलाखालून जाताना वरच्या मोटारींचा आवाज पाण्यात उतरायचा. काका सुकाणूवर हात ठेवून उभ्याउभ्या डोळे मिटायचे, आणि तरी बोट रेषेत चालायची. 'तू झोपेत नदी बघायचास,' गोकुळदासांनी लिहिलं होतं. काकी ऐकताना पुढं झुकायची. तिच्या नवऱ्याची आठवड्यातली सहा सहा दिवसांची आयुष्यं तिनं कधी पाहिलेलीच नव्हती. ती आता पान उलटावं तशी समोर येत होती.

एका बुधवारी आलेलं मी वाचायला घेतलं आणि मध्येच थांबले.

'वाच गो.'

'"सारमानसचं वळण आलं की तू पांढरा सदरा काढून डाव्या कठड्यावर बांधायचास, आठवतं? आम्ही हसायचो. तू म्हणायचास, ती काठावर असते, तिला कळू दे मी गेलो म्हणून. वळण संपलं की सोडून परत घालायचास. पावसातही."'

मी काकीला पाणी दिलं, ते तिनं घेतलं नाही.

'मी बघितलंय तो सदरो,' ती म्हणाली. 'किती वर्सा बघितलंय. काठार गवत कापूक जायचंय मी. बार्ज जायची, वांगडा तो सदरो फडफडत जायचो. माका वाटायचा कपडे सुकत घातल्यानी.' तिचे ओठ हलत राहिले. 'सुकत घातल्यानी असाच वाटायचा. आणि घराक इल्यार एक शब्द बोलाक नाय तो माणूस. एक शब्द नाय, रूपाली. मी हात तरी दाखवला असतंय.'

मग ती रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं, काकांच्या बाराव्यालाही रडली नव्हती. मी शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि माझेही डोळे वाहत होते. बाहेर कुणीतरी 'फोटो काढतात का?' म्हणून विचारत होतं. मी म्हटलं, मशीन बिघडलंय.

त्या दिवसानंतर काकी जमिनीवर नव्हतीच. गजरे विकता विकता हसायची. बाजारातल्या बायका मला विचारायला लागल्या, म्हातारीला झालंय काय? मी म्हणायचे, बरी आहे. आणि खरंच ती इतकी बरी कधीच नव्हती. मला मनातून भीती वाटायची. हे कधीतरी संपणार, आणि संपेल तेव्हा हिच्या हातात काय उरणार, या विचारानं माझं कशात लक्ष लागेना.

महिनाअखेरीला तीन दिवस राहिले असताना कंपनीनं लिहिलं : 'भिंतीवरची नावं तीस तारखेला दुपारी नक्की होतील. जे आज हयात नाहीत, त्यांच्या नावाआधी "कै." लिहिलं जाईल. पाचांपैकी कृष्णनाथजी आणि गोकुळदासजी आपल्यात आहेत, हे आमचं भाग्य. पाच तारखेला दोघांना आणायला घरी गाडी पाठवू. दोन जुन्या मित्रांची भेट त्या भिंतीसमोर व्हावी, अशी आमची इच्छा आहे.'

मी काकीकडे बघितलं. तिला कळलं होतं.

'काका आजारी आहेत असं लिहू?' मीच म्हणाले. बघा, मीच! पहिल्या दिवशी खोट्यासाठी आकाशपाताळ एक करणारी मी आता नवीन खोटं सुचवत होते. 'प्रवास झेपत नाही म्हणून सांगू. नाव तसंच राहील, कै. वगैरे काही लागणार नाही. काका तिथं तसेच राहतील, काकी.'

'आणि तो गोकुळदास?'

'तो जाईल आपला गाडीतून.'

काकीनं मान हलवली. 'तो बिचारो बहिरो माणूस चांगलो सदरो घालून थंय जाऊन बसतलो. दरवाज्याकडे बघीत. कोण इला की मान वर करतलो.' ती थांबली. 'कुणाची तरी वाट बघीत बसणा काय असता ता माका ठावक असा गो. माझ्यापायी त्येका नाका.'

दोन दिवस ती आली नाही. बाजारातही नव्हती. त्या दोन दिवसांत गोकुळदासांकडूनही अक्षर आलं नाही.

तीस तारखेला सकाळी अकराला ती आली, गजऱ्यांशिवाय. नेसूचं पातळ इस्त्रीचं. म्हणाली, 'माका माझ्या नावान भितर जावचा असा.'

साइन इन करायचं होतं तिला, स्वतः म्हणून. मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिच्यासाठी नवं खातं उघडायला घेतलं. पहिलं नाव? कमलाक्षी. आडनाव? परब. जन्मतारीख? तिला माहीत नव्हती, आधारकार्डावरची घातली. पासवर्ड? मी तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले आणि तिनं एका बोटानं पाच मिनिटं काहीतरी लावलं. मोबाईलवर आकडा आला, तो भरला. मग त्या कॉम्प्युटरनं विचारलं, तुम्ही यंत्र नाही ना? नऊ चित्रं दाखवली आणि म्हणाला, होडी असेल ती चित्रं निवडा.

'ह्या येक,' काकी बोट दाखवायला लागली. 'ह्या येक. ह्या होडी न्हय, ह्या बार्ज.'

'काकी, त्याला सगळं सारखंच.'

'सारखा कसा? बार्जीक होडी म्हणतत काय कोण!' ती ऐकेना. बार्ज सोडून बाकीच्या निवडल्या. कॉम्प्युटरनं नापास केलं. परत नऊ चित्रं. एरवी मी केव्हाच किंचाळले असते, त्या दिवशी मुकाट्यानं नवी चित्रं तिच्यापुढं केली. तिसऱ्या खेपेला आम्ही आत गेलो. पानावर नाव आलं, कमलाक्षी परब, शेजारच्या गोलात फोटोच्या जागी नुसतं 'क'.

'सांग,' मी कीबोर्डवर बोटं ठेवली. 'तू सांग, मी लिहिते. काकांचं नाव मी घालते, तू बोलू नको.'

'नाका. सर. मी लिवतंय.'

माझ्या खुर्चीत ती बसली. मी मागं उभी. एकेक अक्षर शोधून ती लावत होती, आणि मी तिच्या खांद्यावरून वाचत होते. 'गोकुळदास भावजी, मी कमलाक्षी. इतके दिवस मीच लिहीत होते. ते तीन वर्षांपूर्वी गेले. तुम्हाला फसवायचं नव्हतं. तुम्ही त्यांच्याशी बोलत होतात, ते मला ऐकायचं होतं. पाच तारखेला त्यांची वाट बघू नका. भिंतीवर असं लिहा.' मग ती थांबली. ओळ सोडली. क लावला, मग ऐ. टिंब कुठं असतं ते मी दाखवलं. मग परत क. तिचं बोट हवेत थांबलं होतं. ओठ घट्ट मिटलेले. तिनं ते सगळं नाव लिहिलं, जोडाक्षर तीनदा चुकलं, तीनदा पुसलं, पुन्हा लिहिलं. कै. कृष्णनाथ परब.

पाठवल्यावर ती म्हणाली, 'आता गेले ते.'

काकांना घाटावर नेलं त्या दिवशी मी तिच्याजवळ होते, पण ती बाई खरी विधवा झाली ती माझ्या दुकानात, त्या खुर्चीत, असं मला वाटलं. दीडची बस आली आणि निघून गेली. ती उठली नाही. दोघी त्या पांढऱ्या पानाकडे बघत बसलो.

पावणेदोनला पान हललं. उत्तर गोकुळदासांच्या नावानं होतं, वर त्यांचा टोपी घातलेला फोटो. मी मोठ्यानं वाचायला लागले.

'कमलाक्षीवैनी, मी वत्सला. गोकुळदासांची बायको. गाडी येणार हे वाचल्यापासून दोन दिवस, लिहावं कसं कळत नव्हतं. तुम्ही आधी धीर केलात. आमचे हे जाऊन पाच वर्षं झाली. कृष्णाभावजी लिहितात असं दिसलं आणि मला राहवलं नाही. त्यांना कळलं असतं मित्र गेला, तर बोलणं तिथंच थांबलं असतं. म्हणून मी ह्यांच्या नावानं लिहीत राहिले. नदीवरचं जे जे लिहिलं ते सगळं ह्यांनी मला सांगितलेलं, त्यातलं एकही खोटं नाही. बहिरेपण तेवढं फोन टाळायला लिहिलं, माझा कान चांगला आहे. खाली नंबर देते.'

आणि त्याच्याखाली, वेगळ्या ओळीत, 'कै. गोकुळदास.'

काकीनं मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ऐकताना ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. म्हणाली, 'म्हणजे ते दोघेय थंयच, आणि आमी दोगी हंय! महिनाभर आमी दोगीच बोलत होतंव गो!'

'फोन लावू?' मी विचारलं.

तिनं मान डोलावली. मी नंबर लावून मोबाईल तिच्या कानाशी धरला. पलीकडं उचलल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. मी हातानं खुणावत होते, बोल, बोल. महिनाभर सगळं काही बोलून झालेल्या त्या बाईला आता पहिला शब्द सापडत नव्हता.

'वत्सला,' शेवटी ती म्हणाली. 'मी कमलाक्षी.' आणि थोड्या वेळानं, 'जेवलंस?'

तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. काकीनं डोळे मिटून घेतले.

'मीय नाय,' ती म्हणाली.

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले.